ओपनस्टॅक नोव्हामधील आभासीकरण चालकांची जोडणी

ओपनस्टॅक नोव्हामधील आभासीकरण चालकांची जोडणी ही 'नोव्हा' या क्लाउड सॉफ्टवेअरची एक अंतर्गत पद्धत आहे. निरनिराळ्या हायपरव्हायजरांशी संवाद साधणाऱ्या संहिताखंडांपैकी नेमका कोणता खंड वापरावयाचा, हे ठरवून तो चालू प्रक्रियेत आणण्याचे काम या पद्धतीने होते. अशा संहिताखंडास 'आभासीकरण चालक' किंवा 'व्हर्ट ड्रायव्हर' म्हणतात. नोव्हाच्या आरंभीच्या आवृत्त्यांत चालकांची निवड एका ठरावीक यादीतून होत असे. २०१२ मध्ये या भागाची पुनर्रचना झाली आणि चालकाचे संपूर्ण नाव कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहून तो थेट आयात करण्याची पद्धत रूढ झाली.

पुनर्रचना म्हणजे सॉफ्टवेअरचे बाहेरून दिसणारे वर्तन कायम राखून त्याची आतील रचना सुधारणे. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ मधील 'रिफॅक्टरिंग' या ग्रंथामुळे ही संज्ञा सर्वत्र प्रचलित झाली. नोव्हामधील प्रस्तुत बदल ओळींच्या संख्येने लहान होता. तथापि नवा चालक कोण जोडू शकतो, त्याची देखभाल कोणी करावयाची आणि त्या चालकावर ज्यांची यंत्रे चालतात त्यांचे पुढे काय होते, हे प्रश्न त्याच्याशी निगडित असल्यामुळे हा बदल मुक्त स्रोत प्रकल्पांच्या अभ्यासात उद्बोधक ठरतो.

== पार्श्वभूमी ==

एकाच प्रत्यक्ष संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक असल्याचा आभास निर्माण करण्याच्या तंत्रास आभासीकरण म्हणतात. अशा प्रत्येक आभासी यंत्राला स्वतःची कार्यप्रणाली, स्मृती व साठवण मिळते. प्रत्यक्ष यंत्राची साधने त्यांच्यात वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर म्हणतात. झेन, केव्हीएम, व्हीएमवेअर ईएसएक्स आणि मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही हे त्यांतील प्रमुख प्रकार होत. झेनचा उगम केंब्रिज विद्यापीठातील संशोधनात आहे. केव्हीएमचा समावेश लिनक्सच्या गाभ्यात २००७ मध्ये झाला.

हे सर्व हायपरव्हायजर एकच काम करीत असले, तरी त्यांना आज्ञा देण्याची भाषा वेगवेगळी आहे. झेनसर्व्हरला 'झेन एपीआय'मधून, व्हीएमवेअरला त्याच्या स्वतंत्र वेब सेवेतून, तर केव्हीएमला बहुधा 'लिबव्हर्ट' या ग्रंथालयामार्फत आज्ञा दिल्या जातात. शेकडो यंत्रांचा क्लाउड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला या भेदांतून वाट काढावी लागते.

ओपनस्टॅक हा असा क्लाउड उभारण्यासाठीचा मुक्त स्रोत प्रकल्प आहे. अमेरिकेची अवकाश संशोधन संस्था नासा आणि रॅकस्पेस ही कंपनी यांनी जुलै २०१० मध्ये त्याची घोषणा केली. ऑस्टिन ही पहिली आवृत्ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाली. आभासी यंत्रे निर्माण करणे व ती सांभाळणे हे काम करणारा घटक म्हणजे नोव्हा. त्याचे मूळ नासाच्या 'नेब्युला' या प्रकल्पात आहे. नोव्हा पायथन भाषेत लिहिलेले असून अपाची परवान्याखाली उपलब्ध आहे. ओपनस्टॅकच्या आवृत्त्यांची नावे इंग्रजी वर्णक्रमाने ठेवली गेली: ऑस्टिन, बेक्सार, कॅक्टस, डायब्लो, एसेक्स, फॉल्सम, ग्रिझली इत्यादी. साधारणतः दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती प्रसिद्ध होते.

== चालकाची संकल्पना ==

नोव्हाचे काम अनेक प्रक्रियांत विभागलेले आहे. बाहेरील मागणी स्वीकारणारी प्रक्रिया एक, यंत्र कोठे ठेवावे हे ठरवणारी दुसरी, आणि प्रत्येक यजमान संगणकावर प्रत्यक्ष काम करणारी 'नोव्हा-कॉम्प्युट' ही तिसरी. हायपरव्हायजरशी संबंध येतो तो या शेवटच्या प्रक्रियेचा. तिने 'यंत्र सुरू कर', 'यंत्र बंद कर', 'यंत्र नष्ट कर', 'चालू यंत्रांची यादी दे', 'शिल्लक स्मृती किती ते सांग' अशा आज्ञा द्याव्यात आणि त्या कोणत्या हायपरव्हायजरकडे कशा पोहोचवायच्या हे चालकाने पाहावे, अशी ही विभागणी आहे.

सर्व चालकांनी कोणत्या आज्ञा पाळावयाच्या, त्यांची नावे काय आणि त्यांना कोणती माहिती द्यावयाची, हे 'कॉम्प्युट ड्रायव्हर' या नावाच्या पायाभूत वर्गात नमूद केलेले असते. प्रत्येक हायपरव्हायजरचा चालक या वर्गापासून वारसा घेतो आणि आज्ञांची आपापली अंमलबजावणी पुरवतो. पायाभूत वर्ग हा करार, तर चालक ही त्या कराराची पूर्तता होय.

रेल्वेच्या उदाहरणाने ही कल्पना स्पष्ट होते. रायगड जिल्ह्यातील रोहा येथे मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. पनवेल, पेण, नागोठणे या मार्गाने आलेली गाडी रोह्यास व्यवस्थापन बदलत असूनही तीच पुढे जाते. रुळांमधील १,६७६ मिलिमीटरचे अंतर, डबे जोडणारा आकडा आणि ब्रेकची व्यवस्था दोन्हीकडे समान असते. कोकण रेल्वेमार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. डिझेल इंजिनाच्या जागी विजेचे इंजिन आले म्हणून प्रवासी डबे नव्याने बांधावे लागले नाहीत. जोडणीचा करार स्थिर असला की त्याच्या एका बाजूचा घटक बदलता येतो. नोव्हामध्ये इंजिनाच्या जागी हायपरव्हायजर, तर आकड्याच्या जागी 'कॉम्प्युट ड्रायव्हर' हा वर्ग आहे.

मात्र करार असणे पुरेसे नसते. गाडी निघण्यापूर्वी कोणते इंजिन जोडायचे हे कोणीतरी ठरवावे लागते. चालकांच्या बाबतीत हा निर्णय कोठे व कसा घेतला जातो, हाच या लेखाचा मुख्य विषय आहे.

== सुरुवातीची पद्धत ==

आरंभीच्या आवृत्त्यांत नोव्हाच्या आभासीकरण विभागात 'कनेक्शन' नावाची एक फाइल होती. तिच्यातील 'गेट कनेक्शन' हे फलन चालकाची निवड करीत असे. प्रशासकाने कॉन्फिगरेशनमध्ये 'कनेक्शन टाइप' या पर्यायापुढे एक छोटा शब्द लिहावयाचा. फलन तो शब्द वाचून एकामागून एक तुलना करी. शब्द 'फेक' असेल तर चाचणीसाठीचा कृत्रिम चालक, 'लिबव्हर्ट' असेल तर लिबव्हर्टचा, 'झेनएपीआय' असेल तर झेनसर्व्हरचा, त्याचप्रमाणे हायपर-व्ही व व्हीएमवेअर यांचे चालक निवडले जात. यांपैकी कोणताही शब्द जुळला नाही, तर 'अनोळखी प्रकार' अशी त्रुटी दाखवून काम थांबत असे.

मागणीनुसार योग्य वस्तू तयार करून देणाऱ्या अशा फलनास सॉफ्टवेअरच्या परिभाषेत 'फॅक्टरी' म्हणतात. पेण येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांची तुलना येथे उपयुक्त ठरते. समजा, एखाद्या कारखान्यातील कारागिराला पाचच साचे तोंडपाठ आहेत आणि गिऱ्हाइकाने त्या पाचांपैकी एकाचे नाव उच्चारले तरच मूर्ती मिळते. सहावा साचा तयार करून फळीवर ठेवला, तरी कारागिराची यादी बदलल्याखेरीज तो वापरात येणार नाही. 'गेट कनेक्शन' फलनाची स्थिती अशीच होती.

या पद्धतीचे दोष पुढीलप्रमाणे होते:

* नवा चालक लिहिणाऱ्यास स्वतःच्या फाइलीखेरीज मध्यवर्ती फाइलीतही बदल करावा लागे. त्यामुळे परस्परांशी संबंध नसलेल्या लेखकांचे बदल एकाच ठिकाणी येऊन आदळत.
* निवड करणाऱ्या फाइलीला प्रत्येक चालकाचे नाव ठाऊक असणे भाग होते. ज्या संस्थेला केवळ केव्हीएम वापरावयाचे होते तिच्याही यंत्रावर उरलेल्या चालकांचा उल्लेख असलेली संहिता वाचली जात असे.
* चालक निवडण्याचे दोन पर्याय एकावर एक रचले गेले होते. 'कॉम्प्युट ड्रायव्हर' हा दुसरा पर्यायही अस्तित्वात होता; पण त्याचे मूळ मूल्य 'गेट कनेक्शन' याच फलनाकडे बोट दाखवी आणि ते फलन पुन्हा 'कनेक्शन टाइप' वाचत असे. नवख्या प्रशासकास यांतील कोणता पर्याय खरोखर निर्णायक आहे हे सहज उमगत नसे.
* नोव्हाच्या मूळ संहितेबाहेर चालक ठेवणाऱ्यास 'कनेक्शन टाइप'चा मार्ग उपलब्धच नव्हता.

== २०१२ मधील पुनर्रचना ==

सप्टेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फॉल्सम आवृत्तीच्या काळात ही रचना बदलण्यात आली. 'कनेक्शन टाइप' हा पर्याय कालबाह्य ठरवून 'कॉम्प्युट ड्रायव्हर' हा एकच पर्याय प्रमाण मानला गेला. त्याच्यापुढे छोट्या टोपणनावाऐवजी चालकाच्या वर्गाचे नाव लिहावयाचे होते. उदाहरणार्थ, केव्हीएमसाठी 'लिबव्हर्ट' विभागातील 'लिबव्हर्ट ड्रायव्हर' हा वर्ग. तुलनांची साखळी असलेल्या फलनाचे प्रयोजन त्यामुळे संपले.

या बदलाचा आधार पायथन भाषेच्या एका गुणधर्मात आहे. पायथनमध्ये एखादा वर्ग कोणत्या फाइलीत आहे, हे कार्यक्रम चालू असताना अक्षरमालेच्या रूपाने दिले तरी ती फाइल त्याच क्षणी आयात करून वर्ग मिळवता येतो. त्यामुळे निवड करणाऱ्या संहितेला चालकांची नावे आधीपासून ठाऊक असावी लागत नाहीत. पेणच्या उदाहरणात सांगावयाचे, तर कारागिराने यादी पाठ करण्याऐवजी गिऱ्हाइकानेच साचा कोणत्या फळीवर कोणत्या खणात आहे याची चिठ्ठी दिली. कारागिराने तेथून साचा आणावयाचा आणि तो खरोखर गणेशमूर्तीचाच आहे एवढी खात्री करून घ्यावयाची.

ही खात्री करण्याची पायरी महत्त्वाची आहे. अक्षरमालेवरून काहीही आयात होऊ शकत असल्यामुळे, हाती आलेली वस्तू 'कॉम्प्युट ड्रायव्हर' या पायाभूत वर्गाचीच संतती आहे की नाही, हे तपासले जाते. जुन्या पद्धतीत यादीतील चालक विश्वासाचे असल्याचे गृहीत धरता येत होते. नव्या पद्धतीत हा विश्वास तपासणीने मिळवावा लागला.

याच सुमारास चालकांना 'व्हर्ट एपीआय' नावाची वस्तू देण्यास आरंभ झाला. तोपर्यंत काही चालक नोव्हाच्या मध्यवर्ती माहितीसाठ्याशी परस्पर संपर्क साधत असत. एखाद्या आभासी यंत्रातून घुसखोराने यजमान संगणकाचा ताबा मिळवल्यास त्यास तेथून संपूर्ण क्लाउडची माहिती खुली होण्याचा धोका होता. चालकाने नोव्हाकडून जे हवे ते या मर्यादित खिडकीतूनच मागावे, असे ठरल्यामुळे पुढे यजमान संगणकांचा माहितीसाठ्याशी असलेला थेट संबंध तोडणे शक्य झाले. एप्रिल २०१३ मधील ग्रिझली आवृत्तीत आलेल्या 'नोव्हा-कंडक्टर' या मध्यस्थ घटकामागे हाच हेतू होता.

== चालक कार्यान्वित होण्याचे टप्पे ==

पुनर्रचनेनंतर स्थिर झालेली कार्यपद्धती 'लोड कॉम्प्युट ड्रायव्हर' या फलनात आढळते. नोव्हा-कॉम्प्युट सुरू होताना क्रमाने पुढील गोष्टी घडतात:

१. कॉन्फिगरेशन फाइलीतून 'कॉम्प्युट ड्रायव्हर' या पर्यायाचे मूल्य वाचले जाते. ते दिलेलेच नसेल, तर 'पर्याय आवश्यक आहे, पण दिलेला नाही' अशी नोंद करून प्रक्रिया बंद होते.

२. कोणता चालक आणला जात आहे याची नोंद दैनंदिनीत केली जाते. बिघाड शोधताना प्रशासक प्रथम हीच ओळ पाहतो.

३. दिलेल्या नावापूर्वी 'नोव्हा.व्हर्ट' हा नामावकाश जोडून वर्ग आयात केला जातो आणि त्यास 'व्हर्ट एपीआय' देऊन त्याची एक वस्तू निर्माण केली जाते.

४. ती वस्तू पायाभूत वर्गाच्या प्रकारची आहे का, हे तपासले जाते.

५. आयात अयशस्वी झाल्यास किंवा प्रकार न जुळल्यास त्रुटी नोंदवून प्रक्रिया ताबडतोब थांबते.

शेवटची पायरी प्रथमदर्शनी कठोर वाटते. परंतु ती विचारपूर्वक ठेवलेली आहे. चालकाविना नोव्हा-कॉम्प्युट चालू राहिले असते, तर क्लाउडच्या दृष्टीने तो यजमान संगणक उपलब्ध ठरला असता, त्याच्याकडे यंत्रनिर्मितीची कामे पाठवली गेली असती आणि ती सर्व अयशस्वी झाली असती. आरंभीच स्पष्टपणे थांबणे हे अर्धवट चालण्यापेक्षा सुरक्षित असते.

== जुन्या संस्थापनांवरील परिणाम ==

पुनर्रचनेत बाह्य वर्तन बदलू नये असा संकेत असला, तरी कॉन्फिगरेशन फाइल हासुद्धा बाह्य वर्तनाचाच भाग आहे. एखाद्या संस्थेतील प्रशासकाने 'कनेक्शन टाइप' लिहून ठेवलेले असेल आणि नवी आवृत्ती बसवताच तो पर्याय ओळखला जाईनासा झाला, तर त्या संस्थेचे सर्व यजमान संगणक एकाच वेळी काम नाकारतील. म्हणून ओपनस्टॅकमध्ये पर्याय थेट काढून टाकला जात नाही. प्रथम तो कालबाह्य घोषित होतो, त्याच्या वापराबद्दल सूचना दिली जाते आणि पुढील एखाद्या आवृत्तीत तो वगळला जातो. 'कनेक्शन टाइप' याच मार्गाने लुप्त झाला.

== मूळ संहितेतील आणि बाहेरील चालक ==

चालक नावावरून आयात होऊ लागल्यावर कोणीही स्वतंत्रपणे लिहिलेला चालक नोव्हास जोडता येईल, अशी शक्यता निर्माण झाली. तथापि नोव्हाच्या विकासकांनी चालक आणि नोव्हा यांच्यातील करार हा अंतर्गत मानला असून तो कोणत्याही आवृत्तीत पूर्वसूचनेविना बदलू शकतो, अशी भूमिका घेतली. मूळ संहितेतील चालकांत अशा वेळी आवश्यक दुरुस्ती त्याच बदलाबरोबर केली जाते. बाहेरील चालकाच्या लेखकास मात्र प्रत्येक आवृत्तीमागे धावावे लागते. पुढे आयात केवळ 'नोव्हा.व्हर्ट' या नामावकाशापुरती सीमित करण्यात आली. त्यामुळे बाहेरील चालकालाही आपली फाइल त्याच नामावकाशात बसवावी लागते.

या भूमिकेवर दोन मते आहेत. चालक मूळ संहितेतच असावेत असे म्हणणाऱ्यांच्या मते त्यामुळे परीक्षण, चाचणी व दर्जा यांवर एकसमान देखरेख राहते. उलटपक्षी, नोव्हाच्या मोजक्या परीक्षकांना प्रत्येक हायपरव्हायजरचे सखोल ज्ञान असणे अशक्य असल्यामुळे चालकांचे बदल महिनोन्महिने ताटकळतात, असा आक्षेप घेतला जातो. दोन्ही बाजूंत तथ्य असल्याचे पुढील उदाहरणांवरून दिसते.

* '''हायपर-व्ही:''' देखभाल करणारे कोणी उरले नाही म्हणून हा चालक एप्रिल २०१२ मधील एसेक्स आवृत्तीतून वगळण्यात आला. त्याचे पुनर्लेखन होऊन तो फॉल्सममध्ये परतला. पुढे बारा वर्षांनी, २०२४ मधील कॅराकल आवृत्तीत, देखभालीअभावी तो पुन्हा काढण्यात आला.
* '''डॉकर:''' कंटेनरसाठीचा हा चालक ऑक्टोबर २०१३ मधील हवाना आवृत्तीत समाविष्ट झाला. चाचणीविषयक अटींमुळे पुढच्याच, आइसहाउस आवृत्तीत तो मूळ संहितेबाहेर हलवला गेला. कालांतराने तो प्रकल्प बंद पडला.
* '''बेअरमेटल:''' हायपरव्हायजराविना प्रत्यक्ष संगणकच वापरकर्त्यास देणारा हा चालक नोव्हामध्येच वाढला. पुढे त्यातून 'आयरॉनिक' हा स्वतंत्र प्रकल्प निर्माण झाला आणि नोव्हामध्ये त्याच्याशी बोलणारा छोटा चालक तेवढा राहिला.
* '''झेनएपीआय:''' नोव्हाच्या पहिल्या पिढीतील हा चालक ट्रेन आवृत्तीत कालबाह्य ठरवला गेला आणि ऑक्टोबर २०२० मधील व्हिक्टोरिया आवृत्तीत वगळला गेला.

आइसहाउसच्या सुमारास प्रत्येक चालकासाठी स्वयंचलित चाचणी-यंत्रणा अनिवार्य करण्यात आली. चालकांचे तीन गट पाडले गेले: 'अ' गटातील चालकांची प्रत्येक बदलापूर्वी प्रकल्पाच्या स्वतःच्या यंत्रणेत चाचणी होई, 'ब' गटातील चालकांची चाचणी संबंधित कंपनीच्या यंत्रणेत होऊन निकाल कळवला जाई, तर 'क' गटातील चालकांची हमी कोणीच देत नसे. ज्या चालकाला चाचणी-यंत्रणा नाही तो काढण्यात येईल, असे धोरण जाहीर झाले. व्हीएमवेअरच्या चालकावरही एके काळी कालबाह्यतेचा शिक्का बसला होता. चाचणी-यंत्रणा पुन्हा कार्यान्वित झाल्यावर तो मागे घेण्यात आला.

चालक वगळला गेला म्हणून आधीची आभासी यंत्रे तत्क्षणी बंद पडत नाहीत. मात्र संबंधित संस्थेला जुन्याच आवृत्तीवर थांबावे लागते अथवा सर्व यंत्रे दुसऱ्या हायपरव्हायजरवर हलवावी लागतात. जुन्या आवृत्तीला कालांतराने सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत. स्थलांतराला वेळ व पैसा लागतो. म्हणून चालक बदलता येण्याची तांत्रिक सोय आणि चालक टिकून राहण्याची शाश्वती या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली संहितेच्या रचनेतून मिळते. दुसरी ती संहिता सांभाळणाऱ्या माणसांवर अवलंबून असते.

== चालकाच्या पोटातील चालक ==

जोडणीचा प्रश्न एकाच पातळीवर सुटत नाही. नोव्हामधील सर्वाधिक वापराचा लिबव्हर्ट चालक स्वतःच अनेक प्रकारांना आधार देतो. 'व्हर्ट टाइप' या पर्यायाने केव्हीएम, क्यूईएमयू, एलएक्ससी इत्यादींपैकी एकाची निवड करावी लागते.

साठवणीच्या जोडणीसाठी त्याच्या पोटात आणखी छोटे चालक आहेत. आयस्कझी, फायबर चॅनेल, एनएफएस, सेफ यांसारख्या प्रत्येक साठवण-प्रकारासाठी एक वर्ग असतो. या वर्गांची यादी एके काळी प्रशासकास कॉन्फिगरेशनमध्ये बदलता येत असे. ही मोकळीक प्रत्यक्षात त्रासदायक ठरली. यादी कोणी बदलली की तिची चाचणी झालेली नसे आणि अंतर्गत वर्गांची नावे बदलणेही अवघड होई. म्हणून हा पर्याय काढून टाकून यादी संहितेतच ठेवण्यात आली. जाळे-जोडणीसाठीचा तसाच पर्यायही वगळण्यात आला आणि पुढे ते काम 'ओएस-व्हिफ' या स्वतंत्र ग्रंथालयाकडे गेले.

अशा रीतीने मुख्य चालकाच्या बाबतीत ठरावीक यादीकडून मोकळ्या आयातीकडे, तर आतील चालकांच्या बाबतीत मोकळ्या आयातीकडून ठरावीक यादीकडे, असा उलटसुलट प्रवास एकाच प्रकल्पात घडला. घटक जितका खोल व अंतर्गत, तितकी त्याची निवड बाहेरच्यांवर सोपवण्याचे कारण कमी, हे त्यामागील सूत्र आहे.

== इतर प्रणालींशी तुलना ==

चालक जोडण्याच्या पद्धती सामान्यतः तीन प्रकारच्या असतात: संहितेतील ठरावीक यादी, कॉन्फिगरेशनमध्ये वर्गाचे पूर्ण नाव, आणि नोंदवही. तिसऱ्या प्रकारात चालकाचे पॅकेज संगणकावर बसवताना ते स्वतःचे टोपणनाव व वर्ग यांची नोंद करते आणि मुख्य सॉफ्टवेअर त्या नोंदींतून शोध घेते. पायथनमधील या नोंदींना 'एंट्री पॉइंट' म्हणतात. त्यांचा वापर सुलभ करणारे 'स्टीव्हडोर' हे ग्रंथालय ओपनस्टॅक प्रकल्पातच तयार झाले.

ओपनस्टॅकमधील 'न्यूट्रॉन' हा जाळे सांभाळणारा घटक २०१३ मधील 'एमएल-२' या रचनेपासून नोंदवहीची पद्धत वापरतो. एकाच वेळी अनेक प्रकारची जाळे-यंत्रणा चालवण्याची गरज असल्यामुळे तेथे ती सोयीची ठरली. साठवण सांभाळणारा 'सिंडर' हा घटक वर्गाच्या पूर्ण नावाची पद्धत वापरतो.

लिबव्हर्ट या ग्रंथालयाने हीच समस्या सी भाषेत सोडवली आहे. त्यात जोडणी करताना दिलेल्या पत्त्यावरून योग्य चालक निवडला जातो आणि चालक स्वतंत्र मॉड्यूलांच्या रूपाने ठेवता येतात. पूर्वी हे सर्व चालक एकाच पार्श्वप्रक्रियेत चालत. पुढे प्रत्येक चालकासाठी स्वतंत्र पार्श्वप्रक्रिया देण्यात आली, जेणेकरून एकातील बिघाडाने इतर बंद पडू नयेत. अपाची क्लाउडस्टॅक ही जावा भाषेतील क्लाउड प्रणाली आहे. तिच्यात घटकांची यादी प्रथम स्वतःच्या एक्सएमएल फाइलीत असे. नंतर हे काम 'स्प्रिंग' या चौकटीकडे सोपवण्यात आले आणि प्रत्येक हायपरव्हायजरचा प्लगइन आपली माहिती आपल्याबरोबर बाळगू लागला.

== महाराष्ट्र व कोकणाच्या संदर्भात ==

महाराष्ट्रात आभासीकरणाशी संबंधित सॉफ्टवेअरचे काम प्रामुख्याने पुण्यात चालत आले आहे. रेड हॅट व व्हीएमवेअर या कंपन्यांची अभियांत्रिकी केंद्रे तेथे उभी राहिली. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राचे अर्थात सी-डॅकचे मुख्यालयही पुण्यातच आहे.

शासकीय सेवांसाठी केंद्र सरकारचा 'मेघराज' हा क्लाउड उपक्रम आहे. त्याअंतर्गत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची क्लाउड सेवा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउड वापरण्याचे धोरण जाहीर केले. पेण वा रोहा तालुक्यातील शेतकरी सातबारा उतारा संगणकावर पाहतो, विद्यार्थी निकाल पाहतो, तेव्हा त्या सेवेमागे कोणता हायपरव्हायजर आहे हे त्यास ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. हायपरव्हायजर बदलला तरी सेवा तीच राहावी, हेच चालक वेगळा ठेवण्याचे प्रयोजन आहे. सार्वजनिक पैशाने उभारलेली यंत्रणा एकाच विक्रेत्याच्या आभासीकरण उत्पादनाशी कायमची बांधली जाऊ नये, यासाठीही ही विलगता उपयोगी पडते. परवाना शुल्क वाढल्यास किंवा उत्पादन बंद झाल्यास दुसऱ्या चालकाकडे वळण्याचा मार्ग तिच्यामुळे मोकळा राहतो.

== परिभाषा ==

* '''आभासी यंत्र:''' प्रत्यक्ष संगणकाच्या साधनांवर चालणारा, स्वतंत्र भासणारा संगणक.
* '''यजमान संगणक:''' आभासी यंत्रे ज्यावर चालतात तो प्रत्यक्ष संगणक.
* '''पायाभूत वर्ग:''' इतर वर्गांनी पाळावयाच्या आज्ञांची रूपरेषा देणारा वर्ग.
* '''आयात:''' दुसऱ्या फाइलीतील संहिता चालू कार्यक्रमात उपलब्ध करून घेणे.
* '''नामावकाश:''' नावांचा गोंधळ होऊ नये म्हणून केलेली नावांची गटवारी.
* '''कालबाह्य ठरवणे:''' पर्याय अजून चालत असला, तरी तो पुढे काढला जाणार असल्याचे जाहीर करणे.

== हे सुद्धा पाहा ==

* आभासीकरण
* मेघसंगणन
* मुक्त स्रोत सॉफ्टवेअर
* लिनक्स
* पायथन (प्रोग्रॅमिंग भाषा)